मेसेजातले दोन पत्ते

चारुलता सुखदेवेला दिसत नाही, हे तिला फोन करणाऱ्या कुणालाच कळत नसे. नागपुरातल्या सदर भागात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर खासगी अँब्युलन्सचा नियंत्रण कक्ष आहे. फोन आला की माणूस कुठे आहे ते विचारायचं, शहरात ठिकठिकाणी उभ्या असलेल्या गाड्यांपैकी सगळ्यात जवळची गाडी तिकडे पिटाळायची आणि ती पोचेपर्यंत फोनवरच्या माणसाला धरून ठेवायचं, असं तिथलं काम. रडणाऱ्या, ओरडणाऱ्या माणसाकडून नेमकं ठिकाण काढून घेणं चारुलताला चांगलं जमायचं.

ती कामठीची. वडील गोपाळराव पॉवरलूमवर काम करून म्हातारे झाले, आई अंजनाबाईंनी घर आणि दोन म्हशी सांभाळल्या. शाळेत असताना चारुलताला संध्याकाळचं अंधूक दिसायला लागलं. कॉलेजात गेल्यावर भरदिवसाही फळा दिसेना आणि बी.ए.चे शेवटचे पेपर तिनं लेखनिक घेऊन दिले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की यावर औषध नाही. मग ती नागपुरात अंधांसाठीच्या एका वर्गात कॉम्प्युटर शिकली. स्क्रीनवर असेल ते कानात वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम तिथे तिच्या हाती आला. त्याच्या जोरावर तिनं ही नोकरी मिळवली. रोज सकाळी कामठीहून शेअर ऑटोनं ऑटोमोटिव्ह चौक, तिथून मेट्रोनं गड्डीगोदाम आणि पुढे पांढरी काठी टेकत पायी.

अडचण सुरू झाली ती मार्चमध्ये. नातेवाईक आपण कुठे आहोत हे आता तोंडानं कमी सांगतात, चॅटवर नकाशाची लिंक पाठवतात. कक्षातल्या कॉम्प्युटरवर तो चॅटचा प्रोग्राम कायम उघडा असायचा. आधी चारुलता बाणाच्या बटणानं मेसेजवर जायची, एंटर दाबायची आणि लिंक उघडायची. नकाशाच्या पानावरचा पत्ता स्क्रीन रीडर वाचून दाखवायचा. मार्चमध्ये त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली आणि सगळा मेसेज एक गोळा होऊन बसला. स्क्रीन रीडर लिंक वाचायचा, पण एंटर दाबलं की काहीच व्हायचं नाही. माऊसनं टिचकी मारणाऱ्यांना काही फरक पडला नव्हता, त्यामुळे तक्रार करूनही कुणी लक्ष दिलं नाही.

लांबचा रस्ता एक होता. अख्खा मेसेज कॉपी करायचा, नोटपॅडमध्ये टाकायचा, त्यातून लिंक तेवढी शोधून वेगळी काढायची आणि ब्राउझरमध्ये चिकटवायची. एवढ्या वेळात पलीकडचा माणूस चार वेळा विचारायचा, "गाडी निघाली का जी?"

शेजारच्या खुर्चीवर दुर्गेश बसायचा. तो हात लांबवून तिच्या स्क्रीनवर टिचकी मारून द्यायचा, कधी तिनं न सांगताही. पण त्याचेही फोन असायचे. एका दुपारी गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात एक गिऱ्हाईक चक्कर येऊन पडलं आणि नेमका त्याच वेळी दुर्गेश एका अपघाताच्या फोनवर होता. चारुलतानं बोळ विचारत विचारत पत्ता काढला खरा, पण गाडी निघायला उशीर झाला. त्या गिऱ्हाइकाला काही झालं नाही. उशीर मात्र नोंदला गेला.

दुसऱ्या दिवशी कक्षाच्या प्रमुख शामला मॅडमनी तिला आत बोलावलं.

"चारू, मी कंपनीला लिहिलंय, त्या प्रोग्रामवाल्यांनाही लिहिलंय. त्यांचं होईल तेव्हा होईल. तोवर मी तुला इमर्जन्सीच्या खुर्चीवर कशी ठेवू, सांग."

"मॅडम, मग मी कुठे?"

"फीडबॅक. लोकांना नंतर फोन करून सेवा कशी वाटली ते विचारायचं. पगार तोच."

चारुलतापुढे पगाराचा प्रश्न नव्हता. त्या खुर्चीवर ती कुणाच्या तरी कामी येत होती आणि तिथून ती उठली की परत बसवायला कुणी बोलावणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मॅडम, हा आठवडा द्या मला. मी काहीतरी करते."

"काय करशील?"

"स्क्रीन रीडरला शिकवते लिंक उघडायला."

शामला मॅडमना ते नीट कळलं नाही, पण त्यांनी आठवडा दिला.

चारुलताच्या स्क्रीन रीडरला छोट्या छोट्या स्क्रिप्ट जोडता येत. अमुक बटणं दाबली की तमुक कर, असं त्याला पायथनमध्ये लिहून सांगायचं. पायथन ती कामचलाऊ शिकली होती. देशभरातल्या अंध लोकांचा एक ईमेल गट होता, त्यात कुणी काही विचारलं की कुणीतरी उत्तर द्यायचं. ऑफिसातून आल्यावर ती घरच्या टेबलाशी बसू लागली. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेलाही अर्थ असतो. ती जागा तिला दिसत नव्हती, ऐकू यायची. स्क्रीन रीडर प्रत्येक ओळीआधी एक सूर काढायचा, जास्त जागा असेल तर वरचा सूर. त्या सुरांवरून ती ओळींची घडी बसवायची.

गोपाळराव बाजेवर बसून ते पी-पी ऐकायचे. एकदा त्यांनी विचारलं, "काय करून राहिली वं?"

"बाबा, मेसेजमधून पत्ता उचलायचा अन् ब्राउझरच्या हाती द्यायचा, एवढंच करून राहिली."

"मंग कंपनीवाल्याइनं काहून नाही केलं थे?"

"त्याइले दिसते ना, बाबा."

गोपाळराव कूलरमध्ये पाणी टाकायला उठले.

आठवडा संपायच्या आत स्क्रिप्ट चालली. मेसेजवर जाऊन दोन बटणं एकदम दाबली की स्क्रिप्ट त्या मेसेजचा सगळा मजकूर घ्यायची, त्यात लिंक शोधायची आणि उघडायची. ऑफिसातले कॉम्प्युटर सौरव नावाचा मुलगा सांभाळायचा. त्यानं ती स्क्रिप्ट वाचून पाहिली, तपासली आणि तिच्या कॉम्प्युटरवर चढवून दिली. पहिली खरी लिंक उघडली, तेव्हा दुर्गेशनं सवयीनं पुढे केलेला हात मागे घेतला आणि म्हणाला, "आता आमचं काय काम उरलं बाप्पा!" शामला मॅडमनी पुढे फीडबॅकचा विषय काढला नाही. चारुलतानं स्क्रिप्ट ईमेल गटावरही टाकली. ज्यांना हवी त्यांनी घ्यावी. पुष्कळांनी घेतली. वर्ध्याच्या एका दवाखान्यात टेलिफोनवर बसणाऱ्या पंचफुला नावाच्या बाईनं लिहिलं, 'ताई, माझी रोजची कटकट गेली.'

मे महिना लागला. नागपूरचं ऊन म्हणजे रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि कक्षातले फोन मात्र वाढतात. उन्हानं पडलेली माणसं, म्हातारी माणसं, हार्टवाली माणसं. अशाच एका दुपारी चारुलताचा फोन वाजला.

"हॅलो! अँब्युलन्स का जी? आमच्या ह्याइले दम लागून राहिला! घामाघूम झाले! लवकर पाठवा!"

"पाठवते. नाव सांगा, काकू."

"कौशल्या. कौशल्या निमजे. ह्याइचं नाव धोंडबा."

"कुठे आहात?"

"पोरीनं लोकेशन पाठवलं ना तुमाले! पाहा ना जी!" बाईंचा आवाज फाटला आणि फोनजवळच कुणीतरी खोल, ओढून ओढून श्वास घेताना ऐकू आलं.

चारुलतानं नंबर टाकला. नोंद लगेच सापडली. धोंडबा निमजे, हृदयाचे रोगी, राहणार कामठी. आदल्याच आठवड्यात त्यांना दवाखान्यातून घरी सोडायला इथलीच गाडी गेली होती. चॅटवर त्यांच्या मुलीचा, रितिकाचा, नवा मेसेज येऊन पडला होता. चारुलतानं त्यावर जाऊन दोन बटणं दाबली. पान उघडलं आणि कानात आवाज आला. कामठी. पुढे गल्लीचं नाव. नोंदीत होतं तेच.

ती गल्ली तिला लहानपणापासून माहीत होती. तिच्या घरापासून हाकेवरची. तिनं कामठीत उभ्या असलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला, प्रशिकला, फोन लावला.

"प्रशिक, धोंडबा निमजे. तू मागच्या आठवड्यात सोडलेले. तेच घर. हार्ट. ऑक्सिजन तयार ठेव."

"निघालो."

ती पुन्हा कौशल्याबाईंच्या फोनवर आली. "काकू, गाडी निघाली आहे. अगदी जवळच आहे. काकांना झोपवू नका, पाठ टेकून बसवा. गळ्याजवळची बटणं काढा. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली आहे का?"

"हाव. पोरीनं देल्ली."

"चांगलं केलं. मी फोनवरच आहे."

आता फक्त वाट पाहायची होती. चारुलता ऐकत राहिली. दम लागलेल्या माणसाचा श्वास फोनमधून मोजायची तिला सवय झाली होती. तेवढ्यात एक लांबलचक कर्कश हॉर्न वाजत आला आणि वाजत दूर गेला. पाठोपाठ दुसरा. मोठा ट्रक. मग नुसता वारा, फोनच्या तोंडावर आपटणारा.

कामठीच्या त्या गल्लीत ट्रक शिरत नाही. शिरूच शकत नाही. आणि तिथे दिवसभर विणकरांच्या मागांची खडखड असते, दारं लावली तरी घरात येते. या फोनमध्ये ती खडखड नव्हती.

"काकू, तुम्ही घरीच आहात ना?"

"घरी कुठल्या जी! रोडावर आहो! गाडी गरम होऊन बंद पडली, तवापासून झाडाखाली बसून आहो!"

"कुठल्या रोडवर?"

"भंडारा रोड! मौद्याकडून येऊन राहिलो होतो, भाचीकडं कार्यक्रम होता!"

त्याच क्षणी दुसऱ्या लाइनवर प्रशिकचा फोन आला. "ताई, घराले कुलूप आहे. शेजारचे म्हणतात, सकाळीच बाहेर गेले सगळे."

कामठी एका अंगाला, मौदा दुसऱ्या अंगाला. आणि तिनं त्या बाईला सांगितलं होतं, गाडी अगदी जवळच आहे.

"प्रशिक, तिथेच थांब. चुकलं. काकू, मौदा किती मागं राहिलं? आजूबाजूला काय दिसते?"

"काय सांगू जी, शेत आहे... मागं त्या पावर हाऊसच्या चिमण्या दिसून राहिल्या, दूर..."

एवढ्यावर गाडी पाठवता आली नसती. त्या चिमण्या कोसभर लांबूनही दिसतात. तिला नेमकी जागा हवी होती. ती पुन्हा मेसेजवर गेली, दोन बटणं दाबली. कामठी. पुन्हा दाबली. पुन्हा कामठी. मग तिनं मेसेज शब्दाशब्दानं ऐकायला घेतला आणि तिला घोळ कळला. रितिकानं नवा मेसेज पाठवताना आदल्या आठवड्यातल्या आपल्याच मेसेजला रिप्लाय दिला होता. घाईत बोट लागलं असेल. रिप्लाय दिला की जुना मेसेज नव्याच्या डोक्यावर चिकटून येतो. वर जुनी लिंक, तेव्हा सोडायला येणाऱ्या गाडीसाठी पाठवलेली, घरची. खाली 'आता इथे आहो लवकर या' आणि नवी लिंक. चारुलताच्या स्क्रिप्टला मजकुरात पहिली सापडलेली लिंक उघडायला शिकवलं होतं. तिनं पहिलीच उघडली. ती हेच करत बसणार होती, कितीही वेळा बटणं दाबली तरी.

"दुर्गेश!"

दुर्गेश कानाला फोन लावून उभा होता. पारशिवनीकडची बस उलटल्याचा फोन होता, तो एकामागून एक गाड्या पाठवत होता. त्यानं मान वळवली आणि हातानं थांब म्हटलं. ती खूण चारुलताला दिसणार नव्हती. त्याला भान आलं आणि तो ओरडला, "नाही जमत, चारुताई!"

तिनं लांबचा रस्ता धरला. कॉपी. नोटपॅड. चिकटव. खाली ये. कानात अक्षरं पडत होती आणि शेजारी कौशल्याबाई म्हणत होत्या, "बोला ना जी! कुठं आली गाडी? ह्याइचे ओठ काळे पडून राहिले!" दुसऱ्या लिंकच्या सुरुवातीला आल्यावर चारुलताचं बोट चुकलं, अर्धीच लिंक उचलली गेली, ब्राउझर म्हणाला पान सापडत नाही. ती परत फिरली. ओळीच्या सुरुवातीला. शिफ्ट दाबून शेवटपर्यंत. कॉपी. चिकटव. एंटर.

पान उघडायला लागलेला वेळ तिला फार मोठा वाटला. मग आवाज आला. भंडारा रोड, मौद्याच्या अलीकडचा एक फाटा.

तिनं त्याच रोडवर पारडी नाक्याला उभ्या असलेल्या गाडीला फोन लावला, ठिकाण सांगितलं आणि तोंड वर करून हाक मारली, "शामला मॅडम!"

शामला मॅडम केबिनमधून धावत आल्या.

"मी गाडी कामठीला पाठवली. माणूस मौद्याजवळ आहे. आता पारडीची गाडी निघाली, पण तिला वेळ लागेल. मौद्याकडून सरकारी गाडी मिळते का पाहा, लवकर!"

शामला मॅडमनी लगेच १०८ लावला आणि मौद्याची गाडी निघाल्याचं सांगितलं.

पुढचा वेळ चारुलता कौशल्याबाईंच्या फोनवर होती. 'जवळ आहे' हा शब्द तिनं परत उच्चारला नाही. एवढंच म्हणाली, "काकू, दोन गाड्या येऊन राहिल्या. एक नागपूरकडून, एक मौद्याकडून. रितिकाला रोडच्या कडेला उभं करा, ओढणी हलवायला सांगा." कौशल्याबाई आता बोलत नव्हत्या. मधूनमधून 'अहो, अहो' एवढंच ऐकू यायचं. श्वासाचा आवाज कमी होत चालला होता. चारुलताला कळत नव्हतं की बरं वाटतंय म्हणून कमी होतोय, का दुसऱ्या कशानं. तिनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती.

मग फोनमध्ये सायरन आला. माणसांचे आवाज, दार आपटल्याचा आवाज, कुणीतरी म्हणालं, "मावशी, बाजूले व्हा," आणि फोन बंद झाला.

मौद्याची सरकारी गाडी आधी पोचली होती. पारडीची गाडी तिला वाटेत भेटली आणि मागे वळली.

संध्याकाळी शामला मॅडमनी दवाखान्यात चौकशी केली. धोंडबा निमजे आयसीयूत होते. जिवंत होते. आणखी काही सांगायला डॉक्टर तयार नव्हते.

दुर्गेश जाताना तिच्या खुर्चीजवळ थांबला. "चारुताई, रिपोर्टमधे लिहून दे ना, मेसेजच उलटासुलटा होता म्हणून. पोरीनं जुन्यावर रिप्लाय मारला, तुझी काय चूक?"

"पोरीनं बरोबर पत्ता पाठवला होता गा. वाचणारीनं चुकीचा वाचला."

"माह्या हातूनही होऊ शकलं असतं थे."

"तुले खालची लिंक दिसली असती."

दुर्गेश पिशवी उचलून निघाला.

रिपोर्टच्या आधी तिनं आणखी एक काम केलं. खुर्चीतून न उठता ईमेल गटावर लिहिलं, 'माझी लिंक उघडायची स्क्रिप्ट आजपासून कुणीही वापरू नका, काढून टाका. रिप्लायमधल्या जुन्या मेसेजची लिंक ती उघडते. आज माझ्याकडून एका रुग्णाची गाडी भलतीकडे गेली.' पंचफुलेला तिनं वेगळा फोन केला, कारण ती दवाखान्यात बसायची. पंचफुला घाबरली. तिनं फोनवरच विचारलं, "ताई, मागच्या महिन्याभरात मी काही चुकीचं उघडलं असेल तर?" दोघी मिळून पंचफुलेचे जुने मेसेज तपासत बसल्या. तिच्या बाबतीत तसं काही झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शामला मॅडमनी चारुलताला आणि सौरवला बोलावलं. सौरव म्हणाला, "तपासली मीच होती, मॅडम. मलाही सुचलं नाही हे." शामला मॅडम म्हणाल्या, "कुणाला फासावर द्यायला नाही बोलावलं. स्क्रिप्ट बंद करा. चारू, तू आजपासून फीडबॅकवर. ती दुरुस्त होईस्तोवर, आणि मला खात्री पटेस्तोवर." चारुलतानं मान हलवली. या वेळी तिनं मुदत मागितली नाही.

फीडबॅकचं काम सोपं होतं. यादीतल्या नंबरला फोन करायचा, ठरलेले प्रश्न विचारायचे, उत्तरं भरायची. काही दिवसांनी स्क्रीन रीडरनं पुढचं नाव वाचलं. निमजे, कौशल्या.

हे नाव तिला दुसऱ्या कुणाकडे देता आलं असतं. तिनं स्वतःच नंबर लावला.

"नमस्कार काकू, अँब्युलन्सच्या ऑफिसातून बोलते. काकांची तब्येत कशी आहे?"

"आता घरी आणलं. अशक्त आहेत. बोलतात." मग बाई थांबल्या. "तुमचा आवाज... तुम्हीच होत्या का त्या दिवशी?"

"हो, मीच होते." पुढचं वाक्य तिनं कितीतरी वेळा मनात जुळवलं होतं. आता ते सगळं विसरलं. "काकू, त्या दिवशी गाडी मी आधी तुमच्या कामठीच्या घरी पाठवली. रितिकानं बरोबर पाठवलं होतं. मी जुना पत्ता उघडला. मला डोळ्यांनी दिसत नाही, मी कॉम्प्युटरकडून वाचून घेते. ते वाचणं मीच बसवलं होतं आणि ते चुकलं."

पलीकडून चारुलताला मागांची खडखड ऐकू येत होती.

"मले वाटूनच राहिलं होतं," कौशल्याबाई शेवटी म्हणाल्या. आवाज शांत होता, पण त्यात धार होती. "जवळ आहे म्हणता अन् गाडी काहून नाही येऊन राहिली. मी रोडाकडं पाहून पाहून थकली. हे वाचले म्हणून बोलून राहिली बाई मी तुमच्याशी. काही झालं असतं तं तुमाले दिसते का नाही दिसत, मले काय करायचं होतं?"

"बरोबर आहे, काकू."

"पोरगी रडते अजून. तिले वाटते तिनंच चुकीचं पाठवलं."

"तिला द्या फोन. मी सांगते."

रितिका फोनवर आली. चारुलतानं तिला सगळं समजावून सांगितलं, रिप्लाय कसा चिकटतो, स्क्रिप्टनं काय केलं. रितिका मध्ये एकदाच बोलली, "म्हणजे माझं लोकेशन बरोबर होतं?" "एकदम बरोबर होतं." मग तिनं फोन परत आईकडे दिला. कौशल्याबाई म्हणाल्या, "आता थे सुधरवा. दुसऱ्या कोणावर ही पाळी नको." आणि 'ठेवते' न म्हणता त्यांनी फोन ठेवला. फीडबॅकच्या प्रश्नांपैकी एकही विचारून झाला नव्हता. चारुलतानं त्या रकान्यात जे झालं ते लिहिलं. शामला मॅडमनी ते वाचलं.

स्क्रिप्ट तिनं जवळजवळ पहिल्यापासून लिहिली. आता ती मेसेजमधल्या सगळ्या लिंक गोळा करायची. चिकटून आलेला जुना भाग ओळखायची आणि तसं सांगायची. एकाहून जास्त लिंक असतील तर आपण होऊन कोणतीच उघडायची नाही, कुणी कधी पाठवली ते सांगून विचारायची. एकच लिंक असली तरी आधी पाठवणाऱ्याचं नाव घ्यायची.

मग तिनं शामला मॅडमना सांगितलं, "तुम्ही तिघांनी मिळून मला फसवा."

दुर्गेश, सौरव आणि शामला मॅडम आपापले फोन घेऊन बसले आणि तिला मेसेज पाठवत सुटले. रिप्लायवर रिप्लाय. फॉरवर्ड केलेली लिंक. एका मेसेजात तीन लिंक, मध्ये जागा न सोडता. चारुलता एकेक उघडत होती, ऐकून सांगत होती. "ही दुर्गेशची, आत्ताची. ही जुन्यातली आहे, नाही उघडत." शामला मॅडम प्रत्येक उत्तरानंतर आपल्या फोनकडे पाहून नुसतं 'पुढे' म्हणायच्या. मग त्यांनी एक साधाच मेसेज पाठवला, एकच लिंक आणि तिला खेटून पूर्णविराम. स्क्रिप्टनं पूर्णविरामासकट लिंक उचलली. पान उघडलं नाही.

चारुलताचा चेहरा उतरला. दुर्गेश म्हणाला, "एवढ्याशा टिंबानं?"

"माझी आई प्रत्येक वाक्यानंतर टिंब देते," शामला मॅडम म्हणाल्या. "लोक देतात. हे दुरुस्त कर. मग परत बसू."

ते दुरुस्त झालं. परत बसले, त्यात आणखी एक चूक निघाली, तीही दुरुस्त झाली. तिसऱ्यांदा बसले तेव्हा तिघांना तिला फसवता आलं नाही. जुलैत चारुलता आपल्या खुर्चीवर परत आली. शामला मॅडमनी एक अट घातली. लिंक उघडली तरी गाडी सोडण्याआधी माणसाला तोंडानं विचारायचं, तुम्ही आत्ता कुठे आहात, घरी का बाहेर. ही अट सगळ्याच खुर्च्यांना लागू झाली. दुर्गेश सुरुवातीला कुरकुरला.

ईमेल गटावर तिनं नवी स्क्रिप्ट टाकली, वर त्या दुपारची हकिकत लिहिली आणि खाली लिहिलं, 'हिच्यावर आंधळा विश्वास ठेवू नका.' पाठवल्यावर तिला स्वतःच्याच शब्दाचं हसू आलं. पण तिनं तो बदलला नाही.

दिवाळीच्या आधी एकदा कामठीच्या बाजारात ती आईबरोबर पणत्या घेत होती. पणतीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या एका बाईचा आवाज तिनं ओळखला. कौशल्याबाई. चारुलता अंजनाबाईंचा हात धरून तशीच उभी राहिली. जाऊन बोलावं की नाही, तिला ठरवता येईना. बाईंच्या मागून एक म्हातारा खोकत म्हणाला, "घे ना वं लवकर, पाय दुखून राहिले माहे."

"थांबा ना जरासे," कौशल्याबाई म्हणाल्या.

दोघं पुढे निघून गेली. अंजनाबाईंनी विचारलं, "कोण होतं वं?"

"ओळखीचे होते," चारुलता म्हणाली. "चाल, कंदीलही घेऊन टाकू."